कोपरातला रिकामा खिसा

मी एक जुने, काळे, गाडीवर घालायचे जॅकेट आहे. माझ्या पाठीवर मोटारसायकल कंपनीचे ठळक नाव आहे. मित्रांनो, तेवढेच वाचून लोक मला ओळखतात. माझे खरे काम मात्र आत होते. खांदे, कोपरे आणि पाठ यांच्या अस्तरात खिसे होते आणि प्रत्येक खिशात एक जाड, लवचीक पॅड. माणूस पडला तर मार त्या पॅडने झेलायचा.

माझा रंग जुना ठरला, म्हणून मी चिखलीतल्या हबीबभाईंच्या सवलतीच्या दुकानात आले. तिथे उंद्रीच्या दीपकने मला उचलले. तो विहिरीवरच्या मोटारींची वायंडिंग करतो. उजव्या हाताने यंत्राचे हँडल फिरवायचे आणि तांब्याची तार गुंडाळायची, यावर त्याचे घर चालते.

"फाटलं-बिटलं तं नाही ना, भाई?" त्याने विचारले.

"उलटं करून पाहा ना! फाटलं असंल तं दुकान तुमचं."

दीपकने उलटे केले नाही. आरशाकडे पाठ करून, मान वळवून त्याने कंपनीचे नाव तेवढे पाहिले.

महिनाभराने त्याची आई झुंबरबाई मला धुवायला बसली. दीपक कामावर गेला होता. तिच्या हाताला पॅड लागले. नव्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये पुठ्ठा असतो, तसेच हे दुकानवाल्याने कोंबले असणार, असे तिला वाटले. तिने पाचही काढली. कोपरांची दोन डुगडुगत्या कपाटाखाली गेली, खांद्यांची दोन फडताळात पडली आणि पाठीचे तिने भाकरी थापताना बसायला घेतले. मी ओरडू शकले नाही.

"माय, लय हलकं झालं व हे!" दीपक म्हणाला.

"मळ निघाला त्याचा," झुंबरबाई हसली.

नंतरच्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, चिखलीच्या रस्त्यावर गाडीपुढे रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. दीपक उजव्या कोपरावर आदळला. हेल्मेटमुळे डोके वाचले. माझे कापड एका क्षणात फाटले आणि त्याचे हाड खडीवर घासताना मला कळले. माझ्याजवळ मध्ये धरायला काहीच नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी फाटलेली बाही उलटी केली. "या खिशातलं पॅड कुठं आहे?"

झुंबरबाईने खिशात बोटे घातली. बराच वेळ बाहेर काढली नाहीत.

"ते... ते काहाले असते, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी सांगितले. ती दीपकच्या खाटेशेजारी बसली. "मले वाटलं पुठ्ठा हाय. मीच काढलं रे, बापा."

दीपकने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "तू एकदा तरी हात लावला, माय. मी तं आत पाह्यलंच नाही."

मित्रांनो, माझ्या पाठीवरचे नाव त्या दिवशीही तितकेच ठळक होते. तुमचे जॅकेट सवलतीतले असो वा महागातले, अंगात घालण्याआधी त्याचे कोपर दाबून पाहा. आणि धुणाऱ्या माणसाला आत काय आहे ते सांगून ठेवा.

आता चार महिने झाले. दीपकचे कोपर सरळ होत नाही. आपल्या वायंडिंगच्या दुकानात तो डाव्या हाताने तार धरतो आणि वेढे मोजतो. हँडल झुंबरबाई फिरवते.