छत्तीस नव्हे, सदतीस

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातली एक जुनी कापडी टेप आहे. माझा पिवळा रंग विटला आहे, टोकाची पत्र्याची पट्टी सैल झाली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

आमच्या दुकानात दोघंच. दादा कापड बेततो आणि त्याची धाकटी बहीण गिऱ्हाइकांची मापं घेते. वर्षानुवर्षं मी तिच्या गळ्यात मिरवले. "टेप खोटं बोलत नाही," असं दादा ज्याला त्याला सांगे आणि मी फुशारून जाई. खरं तर रोजच्या ओढाताणीने मी लांबत चालले होते. तरी कपडे नेमके बसत, कारण माप घ्यायलाही मीच आणि बेतायलाही मीच. माझी चूक आतल्या आत फिटून जाई.

मग दादाने बेतायच्या टेबलासाठी नवी टेप आणली. मापं घेणं तेवढं माझ्याकडे राहिलं. नव्या टेपने बेतलेला पहिलाच कोट होता कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा. त्याचं बटण काही केल्या लागेना.

दादाने सरांसमोरच बहिणीला फैलावर घेतलं. "टेप खोटं बोलत नाही. तू छत्तीस सांगितलंस, मी छत्तीसच बेतलं. म्हणजे माप घेताना तुझाच हात चुकला. उद्यापासून तू काजं-बटणं कर. मापं मी घेईन."

"दादा, मी नीट घेतलं होतं रे," ती पुटपुटली आणि मला गळ्यातून काढू लागली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. माझ्यापायी भावंडांत छत्तीसचा आकडा!

कोटात अवघडलेले सर म्हणाले, "दादा, तुम्ही केलंत त्याला निगमन म्हणतात. ठरलेल्या नियमावरून समोरच्या गोष्टीचा निकाल लावायचा. मांडणी चोख आहे तुमची. पण नियमच कच्चा असेल तर? टेप खोटं बोलत नाही, हे कधी तपासलंत का?"

बहिणीने मला नव्या टेपशेजारी पसरलं. माझ्या छत्तीसासमोर तिचा सदतीस आला.

दादाने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. "चुकलो गं," एवढंच तो म्हणाला आणि नवी टेप त्याने बहिणीच्या गळ्यात घातली.

मी आता खिळ्याला लटकते. मला जपा, असं म्हणायला मला तोंड नाही. पण मित्रांनो, कुणाचा हात चुकला म्हणण्याआधी, जिच्यावर तुमचा भरवसा आहे ती टेप एकदा मोजून बघा.