लघवी मोजणाऱ्या टोपीची फिर्याद

“पहिली सोडायची, वेळ मांडायची. मग थेंब न् थेंब धरायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरली, की सुटलास! कळलं का, ऑरिन?”

दवाखान्यातल्या बर्नाडेट नर्सबाईंचा हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला, असं मला वाटतं. खरं तर महिनाच झालाय. पण मित्रांनो, जिचं काम एका दिवसाचं, तिला महिना म्हणजे म्हातारपण. मी ती म्हातारी. पांढरी, प्लास्टिकची, उलट्या टोपीच्या आकाराची. संडासाच्या भांड्यावर मला बसवतात. माझ्या पोटात मापाच्या रेघा आहेत. माणूस माझ्यात लघवी करतो, मी ती मोजते, मग तो ती नारिंगी कॅनमध्ये ओततो. हसलात ना? हसा. सगळेच हसतात. त्या हसण्याबद्दलच मला बोलायचं आहे.

साच्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आपण दूध मोजू, पीठ मोजू. नशिबी हे आलं. पण मी रडले नाही. मोजायचं ते खरं मोजायचं, एवढंच मला ठाऊक होतं. कॅनवर नावाची चिठ्ठी लागते, कॅन मिरवत प्रयोगशाळेत जातो. माझं नाव कुठेच नसतं. तेही मी सोसलं.

ऑरिन हा अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातला गडी. वय त्रेपन्न, मेपलच्या झाडांचं मोठं रान, आणि त्यांचा गोड रस आटवून पाक करायचं गुऱ्हाळ. त्याची थोरली बहीण ओडील त्याच्याच घरात राहते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा तिला मशीनला जोडून रक्त धुवावं लागतं. ऑरिननं आपली एक किडनी तिला द्यायचं ठरवलं होतं. रक्त जुळलं, सगळं जुळलं. उरली होती एका दिवसाची लघवी. तिच्यावरून कळणार होतं, की एक किडनी देण्याइतक्या याच्या किडन्या सशक्त आहेत का.

बर्नाडेट बाईंनी बजावून सांगितलं होतं. “टोपीत कागद टाकायचा नाही. परसाकडे बसायच्या आधी लघवी वेगळी करून घ्यायची. हात धुवायचे. कॅन फ्रीजमध्ये, नाहीतर बर्फात. पाणी रोजच्याइतकंच प्यायचं. आणि कॅन भरलाच पाहिजे असा काही नवस नाही बाबा, होईल तेवढी होऊ दे. एखादी चुकली तर लपवू नकोस. फोन कर. मी नवा कॅन देईन, पुन्हा पहिल्यापासून.”

यात अवघड काय होतं, सांगा?

त्या दिवशी ओडीलची मशीनची पाळी होती. निघताना ती म्हणाली, “आज काईल पेटवू नकोस हं. एक दिवस घरात बस.”

“बसतो गं बाई. अंडी उबवायला बसतो म्हण ना!”

सकाळी त्यानं सगळं नीट केलं. सहाची पहिली सोडली, चिठ्ठीवर वेळ लिहिली. आठची माझ्यात धरली. तीनशे मिलिलिटर, मी चोख सांगितलं. मग ऊन पडलं. मार्च महिना, रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन, की मेपल पाझरू लागतात. झाडांना टांगलेल्या बादल्यांत टिप टिप सुरू झालं, आणि ऑरिनचा पाय घरात ठरेना. रस ठेवला तर नासतो, हे त्याचं म्हणणं. असेल. त्यानं मला कोंबड्यांच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यात घातलं, कॅन घेतला आणि गुऱ्हाळात आला. कॅन मागच्या बर्फात पुरला. इथवर शहाणाच म्हणायचा.

पण काईल पेटली की धुराड्यातून वाफ निघते, आणि वाफ दिसली की त्या डोंगरातले शेजारी न बोलावता येतात. तिथली ती रीतच आहे. गरम पाक बर्फावर ओतायचा, काट्याला गुंडाळून खायचा, सोबत डोनट आणि तोंडाला आंबट काकडी. हार्लन आला, मेव्हिस आली, तिची माणसं आली. बाकं भरली. मी दाराआड खिळ्याला टांगलेली.

हार्लननं पोत्याकडे बोट केलं. “काय रे, त्यात काय लपवलंस? शेजाऱ्याची कोंबडी?”

“काही नाही. जुने हातमोजे.”

मी हातमोजे! ज्या बहिणीनं आई गेल्यावर याला वाढवलं, तिच्या आयुष्याचं माप माझ्या पोटात व्हायचं होतं, आणि मी हातमोजे!

दहाच्या सुमाराला तो उठला. दारापाशी आला, पोत्याला हातही लावला. मागून मेव्हिस म्हणाली, “कुठे पळतोस, फेस वर येतोय!” सगळे त्याच्याकडे बघू लागले. हात खाली आला. तो तसाच बाहेर गेला आणि मेपलमागे उभा राहिला. रस काढणारे पुरुष वर्षानुवर्षं असेच जातात. एकदा, मग दुपारी, मग आणखी एकदा. तीन वेळा माझ्यावरून गेला, तीन वेळा मला ओलांडून गेला.

माणसं पांगल्यावर त्यानं मला काढलं. मला वाटलं, आता फोन करील. त्यानं मला रसाच्या टाकीत बुडवलं! कच्चा रस पाण्यासारखा दिसतो, कुणाला कळणार? तीनशे, तीनशे, तीनशे. मोजून कॅनमध्ये ओतला. मित्रांनो, रेघा माझ्या आणि खोटं त्याचं! मला जीभ असती तर मी तिथेच किंचाळले असते. पुढची लघवी त्यानं माझ्यात नेमानं धरली, दुसऱ्या सकाळची सहाचीसुद्धा. जणू काही झालंच नाही.

चार दिवसांनी बर्नाडेट बाईंचा फोन आला. ऑरिनला कमी ऐकू येतं, फोनचा आवाज घरभर. “कॅन भरलेला आहे, पण त्यात जे सापडायला हवं ते निम्मंच सापडतंय. एखादी चुकली का रे?”

“नाही.”

“मेपलमागे नाही ना गेलास? माझा नवराही रस काढतो. मी ओळखून आहे तुम्हा लोकांना.”

समोर ओडील बसली होती. “नाही म्हटलं ना!” तो खेकसला.

“मग डॉक्टर म्हणतात, तुझ्याच किडन्या अशक्त आहेत. अशा माणसाची आम्ही घेत नाही.”

ओडील रडली नाही. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासून तिनं वाटाण्याच्या सूपमधलं मीठ बंद केलं, स्वतःचं बंद होतंच, आता त्याचंही. “तुला माझ्यासारखं व्हायला नको,” म्हणायची. तिचे घोटे सुजत होते, आणि काळजी त्याची! तो ते अळणी सूप मुकाट गिळायचा. न्हाणीघराच्या फळीवरून मी बघायचे, आणि माझं प्लास्टिक जळायचं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला अशी तपासणी सांगितली, तर नाकं मुरडू नका. टोपी पाहून खिदळू नका. माणूस घराबाहेर निघाला तर म्हणा, “टोपी घेतलीत का? कॅन गार आहे ना?” चुकलं तर पुन्हा करता येतं. झाकलं तर मात्र आम्ही टोप्या खोट्या ठरतो, आणि मरण दुसऱ्याच्या दारात जातं.

काल दुपारी ओडीलनं मला फळीवरून उचललं. “ही आता कोंबड्यांना दाणे घालायला नेते. आपल्याला कशाला लागतेय?” दारापर्यंत पोचेतो तिला दम लागला. चौकट धरून ती उभी राहिली.

ऑरिननं चमचा खाली ठेवला.

“नेऊ नकोस. लागणार आहे.”

“कुणाला?”

“मला. पुन्हा करायचीय.” त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. “माझ्या किडन्यांना काही झालेलं नाही, ओडील. मी त्या दिवशी काईल पेटवली. तीन वेळा झाडामागे गेलो, आणि कॅनमध्ये रस ओतला.”

“अरे, पण का? टोपी तर तुझ्याजवळ होती!”

“होती. दाराआडच होती. पण हार्लन होता, मेव्हिस होती, सगळी बसली होती... त्यांच्यासमोरून ती हातात घेऊन जायची मला लाज वाटली गं.”