पार्वताबाईंचे पाच दगड

साहेब कापूस घ्यायचा आणि त्याचं बोलणं मी मराठीत आणायचो. मी अब्दुल सत्तार, दुभाष्या. माझं इंग्रजी एलिचपूरच्या छावणीतल्या मुदपाकखान्यात शिजलेलं, म्हणजे कांदा, कोंबडी आणि शिव्या तेवढ्या पक्क्या. बाकीचं मी शब्दाला शब्द जोडून सांगायचो, आणि गंमत म्हणजे अकोल्याच्या बाजारात कुणाचं काही अडायचं नाही. एकदा साहेबाची तब्येत बिघडली. तो जे म्हणाला ते मी जसंच्या तसं ओरडून सांगितलं, "साहेब आज हवामानाच्या खाली आहेत!" शेतकरी म्हणाले, "आमी त जलमापासून त्याच्याच खाली हाओत. होईन बरा."

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला की लबाडी आलीच. कुणी कापूस ओला करून आणायचा, कुणी पोत्यात दगड घालायचा. शेवटी साहेबाने दवंडी पिटवली: ज्या गावच्या एका पोत्यात दगड निघेल, त्या गावच्या सगळ्या गाड्या परत.

त्याच आठवड्यात अकोटाकडून पार्वताबाई आल्या. नवरा गेल्यावर शेत त्यांनी एकटीने कसलं होतं. त्यांची गाडी पुढे, मागे गावच्या अकरा गाड्या. बाईमाणूस पुढे कशाला, म्हणून दोन-चार म्हातारे वाटभर कुरकुरत आले होते. आज काही बिनसलं असतं तर बाईंना ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

साहेबाने पहिल्याच पोत्यात हात घातला, नाक मुरडलं आणि काहीतरी पुटपुटला. मी सांगितलं, "बाई, साहेबाले उंदराचा वास येऊन राहिला."

"येईनच ना!" पार्वताबाई खुलल्या. "ओल्या कापसात उंदीर घर करत नाई म्हना त्याले. उंदीर हाये म्हंजे कापूस कोरडा हाये."

काहीतरी काळंबेरं आहे, एवढंच साहेबाला म्हणायचं होतं. हे मला पुढे एका पाद्र्याने समजावलं. पण बाईंचं उत्तर ऐकून साहेबाने मूठभर कापूस दाबून पाहिला. खडखडीत कोरडा होता. उंदराची साक्ष खरी निघाली.

मग त्याचा हात आणखी खोल गेला आणि दगड घेऊन वर आला. मग दुसरा, तिसरा, असे पाच. पार्वताबाईंनी एकेक दगड त्याच्या हातातून झटकन ओढून घेतला आणि जमिनीवर पालथा ठेवला. साहेब लालबुंद होऊन गरजला. मी चाचरत सांगितलं, "साहेब म्हणतात, एकही दगड उलटवून पायल्याबिगर सोडनार नाई."

बाईंचा चेहराच उतरला. "तेवढं नोको, सत्तारभाऊ. शितादहीचे हायेत ते."

वेचणीच्या पहिल्या दिवशी कापसाच्या झाडाखाली पाच दगड मांडतात, शेंदूर लावतात, दहीभात देतात, ती शितादही. पार्वताबाईंच्या घरी याच्या पुढचीही रीत होती. त्या पाच दगडांतली देवी पहिल्या पोत्यातून बाजारापर्यंत सोबतीला यायची. मात्र तिचं तोंड, म्हणजे शेंदराची बाजू, घरच्या शेताबाहेर कुणाला दाखवायचं नाही.

बाईंनी मागच्या अकरा गाड्यांकडे पाहिलं. मग खाली बसल्या. "उलटवते. पन हात माहाच लागंन."

साहेबाला नुसता कसून तपास करायचा होता. ते दगड खरोखर उलटवायचं त्याच्या मनातही नव्हतं. तो गोंधळून बघत राहिला. बाईंनी पहिला दगड उताणा केला. शेंदूर. दुसरा, शेंदूर. पाचव्याला दहीभाताचं वाळकं शीत अजून चिकटलेलं. मागच्या गाड्यांवरच्या बाया उतरून पाया पडल्या. कुरकुरणारे म्हातारेही हात जोडून उभे राहिले. साहेबाने टोपी काढली.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने विचारलं, बाई आधी का बोलल्या नाहीत?

"त्यानं इचारलं कुठी? उंदराचं इचारलं, मी उंदराचं सांगतलं."

साहेब खो खो हसला. मलाही इतका आनंद झाला की मी हे हसणंसुद्धा बाईंना समजावून सांगायला निघालो होतो. बाराही गाड्यांचं वजन झालं. तोवर बाईंनी साहेबाला दंड ठोकला: परक्याने देवीचं तोंड पाहिलं, तर दहीभात त्यानेच द्यायचा. साहेब चमचा घेऊन आला. बाईंनी चमचा काढून घेतला आणि हाताने वाढायला लावलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मोर्णा नदीच्या काठी अकोटाच्या गाड्या दिसल्या. या खेपेला बाईंची गाडी पुढे घ्या म्हणून तेच म्हातारे ओरडत होते. साहेब हातात मडकं धरून उभा होता. मी दुभाषेगिरी करायला धावलो, तर त्याने मला हाताने बाजूला सारलं आणि घसा साफ केला.

"बाई, दगडं आनले काय?"

पार्वताबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आनले. पन आदी दही दाखव."