बेल उचलायच्या आधी

सोनाजीबुवा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते, आणि मनकर्णा सूप घेऊन त्यांच्यापुढे उभी होती. सुपात मूग होते. मूग हे निमित्त आहे हे बुवांनी ओळखलं, कारण त्यांच्या घरी मूग कमी नव्हते आणि मनकर्णेच्या घरी वाटण्याइतके नव्हते.

“बस पोरी,” बुवा म्हणाले. “इचार काय इचारायचं ते. हात थांबला की पीळ सुटतो, म्हणून वळत राहतो. कान मोकळे हायेत.”

सोनाजीबुवा म्हणजे कोणी मठातले महाराज नव्हते. सात एकर काळीचे कुणबी. गळ्यात तुळशीची माळ आणि एकादशीला महादेवाच्या देवळात पोथी वाचायची, एवढाच त्यांचा अधिकार. तो त्यांना दिला कोणी, तर कोणीच नाही. आधीचे वाचणारे वारले तेव्हा गावात धड अक्षर लागणारे हेच एक उरले होते. पण अडलं की गाव आधी बुवांकडे. दाव्याला बांधलेली गाय मेली, आता हत्या कोणाच्या माथी? नवस बोलणारा गेला, फेडायचा कोणी? बुवा ऐकून घेत, दोन दिवस मागून घेत, आणि मग सांगत ते बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या सोयीचं नसे. म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता.

मनकर्णेजवळ मात्र दोन दिवस नव्हते. उद्या सकाळी तिला बेल उचलायचा होता.

साल अठ्ठेचाळीसचं, पितरांचा पंधरवडा. हिंदुस्थानची फौज येऊन निजामाचं राज्य उलथलं त्याला आठवडा होत आला होता. फौज सडकेनं हिंगोलीकडे निघून गेली. डोंगरकड्यापासून दोन कोस आत असलेल्या या वाडीत ती आलीच नाही. आला तो व्यंकटराव. चैत्रात बाजाराहून परतताना त्याच्या धाकट्या भावाला रझाकारांनी मारलं होतं, तेव्हापासून तो सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेला होता. आता दहा माणसं आणि एक बंदूक घेऊन तो परतला, आणि त्याला भावाचा हिशेब चुकता करायचा होता. ज्यांनी मारलं ते केव्हाच पळाले होते. गावात सापडण्यासारखा उरला होता मस्तान पिंजारी. त्याचा पुतण्या रझाकारांत गेला होता. मस्ताननं स्वतः कापूस पिंजायच्या धनुकलीशिवाय उभ्या जन्मात कशाला हात लावला नव्हता. पण व्यंकटरावाला तेवढं नातं पुरे होतं.

चार दिवस तो मस्तानला धुंडत होता. मस्तान मनकर्णेच्या बळदात होता.

बळद म्हणजे घराच्या भिंतीत बांधलेलं धान्याचं कोठार. वरून एक भोक, आत अंधार आणि जवारीची धूळ. मनकर्णेचा नवरा असेपर्यंत मस्तान त्याचा जिवाचा दोस्त. नवरा गेला, तरी दर दिवाळीच्या आधी मस्तान येऊन तिच्या गाद्या पिंजून देई आणि घोटभर चहावर जाई. त्या संध्याकाळी तो परसातून आला तेव्हा तिनं काही विचार केला नाही. केला असता तर कदाचित दार लावलं असतं, असं ती स्वतःशी कबूल करी.

झडती व्यंकटरावानं अजून घेतली नव्हती, कारण मनकर्णा त्याची चुलत वहिनी. भावकीतल्या रांडमुंड बाईच्या घरात बंदूकवाली माणसं घातली तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. त्यानं दुसरा मार्ग काढला. ज्यांच्यावर शक आहे त्यांनी महादेवापुढं बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायची. जो उचलणार नाही त्याचं दार उघडायचं. बेल उचलून खोटं बोललेला माणूस गावात कोणी पाहिला नव्हता.

मनकर्णा उचलायला तयार होती. तयार नव्हता तो मस्तान. शपथेचं कळल्यावर त्यानं बळदातूनच सांगितलं होतं, “माझ्यापाई तुमी देवापुढं झूट बोलू नका, भाबी. माझा जीव जाईल तो एकदाच. तुमचं इमान गेलं तर कुठून आणणार?” ती भांडली, रडली, शेवटी त्याला शिव्याही घातल्या. तो म्हणाला, बुवांना विचारा. बुवा म्हणाले पाप नाही, तर थांबतो. नाहीतर उजाडताच मीच चावडीपुढं जाऊन उभा राहतो. वीस वर्षं देवळाच्या ओट्याखाली बसून त्यानं बुवांची पोथी ऐकली होती. बुवा तोंड बघून सांगत नाहीत हे त्याला माहीत होतं.

“समजा बुवा,” मनकर्णा म्हणाली, “एखाद्या बाईच्या घरात…”

“समजा नको,” बुवा म्हणाले. “आणि नावबी नको. समजलं मला.”

दोर वळत राहिला.

“मग सांगा. माणूस वाचवायसाठी खोटा बेल उचलला, तर पाप लागतं का?”

“लागतं.”

इतक्या लवकर उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

“माणूस वाचतो तरीबी?”

“माणूस वाचवणं पुण्य हाय. पण त्यानं हे धुऊन निघत न्हाई, पोरी. दोन्ही आपापल्या जागी राहतात.”

“मग काय करू? काढून देऊ त्याला?”

“तसं मी म्हणलो न्हाई.”

“मग काहीतरी म्हणा की. उद्या सकाळी हाय माझं.”

आता बुवांचा हात थांबला आणि दोराचा वीतभर पीळ उलगडून गेला. त्यांनी तो पुन्हा धरला नाही. आतून चुलीपुढून बुवांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, “अहो, तिला म्हणावं बाहेरची झाले म्हणून सांग. चार दिवस देवळात पाय ठेवता येत न्हाई. चार दिवसांत फौज येईल.” द्वारकाबाईंचे कान अख्ख्या घरभर होते.

“तेबी खोटंच,” बुवा म्हणाले.

“लहान हाय.”

मनकर्णेला त्या घडीलाही हसू आलं असतं. पण तिनं सांगितलं, काकी, बेल उचलला नाही की दार उघडणार, मग कारण काही असो. द्वारकाबाईंनी फुंकणीनं चुलीत जोरात फुंकर घातली. बुवा उलगडलेल्या दोराकडेच बघत राहिले, तेव्हा मनकर्णा सूप उचलून उठली.

वाटेत वडाखाली व्यंकटराव उभा होता. सहा महिन्यांत दहा वर्षांनी मोठा झाल्यासारखा दिसत होता. त्यानं आदबीनं विचारलं, वहिनी, बुवांकडे काय काम काढलं? मूग द्यायला गेले होते, ती म्हणाली. त्यानं सुपात पाहिलं.

“मग मूग परत काहून आणले?”

मूग ठेवायचे ती विसरली होती. “बुवाला किडके वाटले,” ती म्हणाली, आणि ते इतकं सरळ तोंडातून आलं की तिचीच तिला भीती वाटली.

व्यंकटरावानं चार दाणे उचलून तळहातावर फिरवले. चांगले टपोरे होते. त्यानं ते पुन्हा सुपात टाकले. “माझा तुमच्यावर शक न्हाई, वैनी. गाव बोलून राहिलं, म्हणून. सकाळी लौकर या.”

घरी येऊन तिनं कडी लावली, बळदाशी तोंड नेलं आणि सांगितलं की बुवा म्हणाले, पाप नाही.

मग मस्ताननं विचारलं, “कसं म्हणले? बोल काय होते त्यांचे?”

ती म्हणाली, असेच म्हणाले. मस्तान म्हणाला, बुवा असं एका शब्दात सोडत नाहीत. गाभण शेळी विकावी का एवढं विचारलं होतं एकदा, तर दोन दिवस लावले होते त्यांनी. “भाबी, तुमी माझ्याशीच झूट बोलून राहिल्या. म्हणजे पाप हाय.” त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट तो सुटल्यासारखा वाटत होता, आणि तेच तिला सहन होईना. त्यानं सकाळी तोंड धुवायला तांब्याभर पाणी मागितलं. चांगल्या तोंडानं जावं म्हणाला.

ती दाराला पाठ लावून बसली. मनात आलं, उद्या ह्याला बाहेरून कोंडून जावं. पण बळदातल्या माणसानं ओरडायचं ठरवलं तर कडी काय करणार?

दिवेलागणीला दार वाजलं. तिनं आधी फटीतून पाहिलं. सोनाजीबुवा होते, खांद्यावर नवीन दोर. मागे कोणी आहे का म्हणून तिनं खूप वेळ पाहिलं. कोणी नव्हतं.

“दोर पाहिजे होता ना तुला, बादलीला,” बुवा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले आणि आत आले. तिनं दोर मागितला नव्हता. त्यांनी कोपरे पाहिले नाहीत, बळद कुठं आहे विचारलं नाही; कुणब्याच्या घरात ते कुठं असतं हे सांगावं लागत नाही. ते भिंतीजवळ जाऊन उभे राहिले.

आतून मस्तान म्हणाला, “बुवा? तुमी आलात?”

“व्हय.”

“मग तुमच्या तोंडानं सांगा. भाबीला पाप लागतं का न्हाई?”

मनकर्णेनं बुवांकडे पाहिलं. ह्या माणसानं स्वतःच्या सख्ख्या भावाला, बांध तूच कोरलास, असं पंचांपुढं सांगितलं होतं. आता ते तेच सांगतील जे दुपारी सांगितलं, आणि मग झालं. तिला वाटलं त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. बुवांनी गळ्यातली माळ मुठीत धरली होती.

“न्हाई,” बुवा म्हणाले.

“न्हाई?”

“दिवसभर पोथी चाळली, मस्तान. न्हाई लागत. तू बस गप.”

बळदात मस्तान रडायला लागला. तोंडात काहीतरी कोंबून रडत असावा. बुवा बाहेर निघाले. उंबऱ्याशी मनकर्णेनं हळूच विचारलं, खरंच पोथीत निघालं का?

“पोथी मी उघडलीच न्हाई,” बुवा म्हणाले. “दुपारी सांगितलं तेच खरं हाय. उद्या बेलाचं ताट मी धरणार हाय.” आणि खाली मान घालून गेले.

सकाळी देवळात सगळी वाडी होती. व्यंकटराव बंदूक बाहेर ठेवून आला होता. देवापुढं बंदूक आणू नये एवढी रीत त्यानं पाळली. मनकर्णेच्या आधी दोघांनी बेल उचलला, खणखणीत, त्यांना लपवण्यासारखं काही नव्हतं. मग तिचं नाव घेतलं. बुवांनी तांब्याचं ताट पुढं केलं. त्यात बेलाची पानं होती, आणि हळदीच्या भंडाऱ्याचा ढीग.

तिनं हात घातला. पान उचललं, भंडारा चिमटीत धरला. माझ्या घरात मस्तान नाही, खोटं असेल तर माझं तळपट होवो, एवढंच म्हणायचं होतं. “माझ्या घरात,” ती म्हणाली, आणि पुढचा शब्द येईना. मागं कोणीतरी खाकरलं. व्यंकटराव एक पाऊल पुढं आला.

तेव्हा बुवांनी ताट डाव्या हातावर तोललं, उजवा हात पुढं केला, आणि दोन बोटं तिच्या मनगटाला लावली.

बायकांच्या घोळक्यात लुगड्यांची सळसळ झाली. नवरा पूजेला बसला की बायको त्याच्या हाताला असा हात लावते, म्हणजे त्या कर्माचं अर्धं तिच्या वाट्याला येतं. हे लेकरालाही ठाऊक असतं. पण परक्या पुरुषानं, तेही बुवांनी, एका विधवेच्या हाताला भर देवळात हात लावावा? द्वारकाबाई पहिल्याच रांगेत होत्या.

“माझ्या घरात मस्तान न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “खोटं असंल तर माझं तळपट होवो.” बुवांचे ओठही हलत होते, तिच्या बरोबरीनं.

“बुवा,” व्यंकटराव म्हणाला, “तुमी हात काहून लावला?”

“ताट हालून राहिलं होतं.”

हात लावला होता तो मनगटाला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. व्यंकटराव बुवांच्या तोंडाकडे बघत राहिला. बुवांनी नजर काढली नाही. तो काय समजला, किती समजला, ते कोणाला कधी कळलं नाही. पण बेल उचलल्यावर त्या घरात शिरणं म्हणजे महादेवालाच खोटं पाडणं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती. की त्यालाही थोडं दमल्यासारखं झालं होतं. “पुढचं नाव घ्या,” तो म्हणाला.

दुपारी मनकर्णेच्या दाराशी द्वारकाबाई आल्या. पदराखाली टोपली होती. मनकर्णेला वाटलं, आता ह्या भांडणार, आणि भांडल्या तर त्यांचं चूक नाही. तिनं बसायला घोंगडी टाकली. द्वारकाबाई बसल्या नाहीत.

“चाळीस वर्षं झाली लग्नाला,” त्या म्हणाल्या. “मला हात लावू देतात ते सत्यनारायणाला. आणि पाप आलं तर इथं वाटत फिरतात.”

“काकी, मी न्हाई सांगितलं त्यांना हात लावायला…”

“गप. मी हिशेब केला. निम्मं तुझं, निम्मं त्यांचं. त्यांच्या निम्म्यात माझं निम्मं, ते काही त्यांच्या इचारण्यावर न्हाई. पाव झालं. पाव उचलीन मी, म्हातारी असले तरी.” त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं. चार भाकरी होत्या, वर ठेचा. “तुझ्या एकटीच्या चुलीतून दोघांच्या भाकरीचा धूर निघाला तर शेजारीण मोजंल. उद्यापासून माझ्याकडून येतील.”

बळदातून मस्ताननं दबक्या आवाजात विचारलं, “कोण आलंय, भाबी? सगळं बराबर झालं? पाप न्हाई ना लागलं कोणाला?”

मनकर्णेनं द्वारकाबाईंकडे पाहिलं. द्वारकाबाई बळदाशी गेल्या आणि एक भाकर घडी घालून भोकातून आत सोडली.

“बुवा म्हणले ना न्हाई,” त्या म्हणाल्या. “मग न्हाई. गरम हाय तोवर खा.”