काढलेला घोट

हंबीररावाने रंगूबाईच्या कानाखाली जाळ काढला, तेव्हा नानासोच्या हातात काचेचं नळकांडं होतं आणि त्यातल्या नासलेल्या बिअरमध्ये घनता मोजायचा हायड्रोमीटर डुलत होता.

"तूच शिवलीस ड्रमाला! नको त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला कुणी हात लावत न्हाई, आन् ही हितं नाचतीया!"

"न्हाई वो, मी खोलीत आलेच न्हाई."

दुसरी थप्पड बसली. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. आवाज ऐकून शेजारीण डोकावली, तशी रंगूबाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "दार लागलं गं."

नानासो तिचा थोरला भाऊ. मेढ्याच्या दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर बुडवण्यात त्याचा जन्म गेला. बायको वारल्यावर तो बहिणीकडे कुपवाडला आला. तिचा नवरा हंबीरराव पलटणीतून निवृत्त झालेला. पुढे लेथचं वर्कशॉप, मागच्या खोलीत घरगुती बिअरचा ड्रम. जुन्या सोबत्यांना आपल्या हातची बिअर पाजायची त्याला भारी हौस. नानासो त्याला घनता मोजून द्यायचा. बहिणीला मार बसायला लागला, की मान खाली घालायचा.

हंबीररावाने ड्रम खरवडून धुतला, नवा घाणा घातला.

"ह्या बारीला नासली, तर हिचं हाड मोडणार. पाव्हणं, ऐकताय न्हवं?"

नानासोने ऐकलं होतं.

खोलीला कुलूप लागलं, किल्ली हंबीररावाच्या करदोट्याला गेली. रोज संध्याकाळी तो दार उघडायचा आणि बजावायचा, "नळकांडं उकळत्या पाण्यातनं काढा. आन् काढलेला घोट प्या न्हाईतर मोरीत वता. ड्रमात परत जायचा न्हाई."

"व्हय दाजी."

नानासो तोटीतून घोट काढायचा, हायड्रोमीटर हलकेच फिरवून बुडबुडे झटकायचा, वाकून डोळा रेघेला लावायचा. यीस्ट साखर खाईल तसा तो खाली बुडत जातो. एका रेघेवर स्थिरावला, की बाटल्या भरायच्या. घाई केली तर बाटल्या फुटतात. या वेळी त्याने दोनदा जास्तच मोजलं. रेघ हलली नाही. मगच बाटल्या भरल्या. रंगूचं हाड वाचलं, असं त्याला वाटलं.

काही दिवसांनी भर दुपारी पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग शेजारशेजारच्या तीन. काचा भिंतीत रुतल्या. हंबीरराव लेथ बंद करून धावला. "मोजा, पाव्हणं!"

नानासोने गोणपाटात गुंडाळून एक बाटली उघडली. निम्मी फेस होऊन छताला गेली. उरलेली नळकांड्यात ओतली. हायड्रोमीटर त्या ठरलेल्या रेघेच्या पार खाली गेला.

"कायतरी बाहेरनं शिरलंय, दाजी. बाटलीतबी अजून साखर खातंय."

"बाहेरनं?" हंबीररावाने कोपऱ्यातला लोखंडी गज उचलला. "दावतो तिला बाहेरनं!"

तो घराकडे गेला. नानासो एकटा उरला. त्याने हायड्रोमीटर खांद्यावरच्या टॉवेलला पुसून परत नळकांड्यात सोडला, पुन्हा रेघ पाहिली, पुन्हा पुसला, आणि नळकांडं ड्रमात उलटं केलं.

ड्रम रिकामा होता. तळाला बिअर फाडकन आपटली.

नानासो आपल्या हाताकडे बघत राहिला. केंद्रावर हेच चालायचं, आणि तोच हात इथंही रोज संध्याकाळी नकळत हेच करत आला होता. मोजलेलं दूध परत कॅनमध्ये. थेंब सांडला तरी पाप. टॉवेल चार दिवस धुतलेला नव्हता.

हंबीररावाने रंगूबाईला केसांना धरून फरफटत आणलं. तिचा गुडघा काचेवरून घासला, फरशीवर रक्ताची रेघ उमटली.

"किल्ली तुमच्याच कमरंला व्हती की!" ती किंचाळली.

"तोंड वर करतीस?" गज वर गेला.

"दाजी, मी!" नानासो मधे आला. "मी परत वतत हुतो. मागल्या बारीलाबी मीच."

"भनीपायी खोटं बोलतूय!"

"ह्या हातानं!" नानासोने हात पुढे केला.

गज त्या हातावर उतरला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. नानासो गुडघ्यावर बसला. हंबीररावाने पुन्हा गज उचलला, तेवढ्यात रंगूबाईने दोन्ही हातांनी बाटल्यांचा क्रेट ढकलून दिला. क्रेट हंबीररावाच्या पायाशी आदळला आणि बाटल्या एकामागून एक उडाल्या. पलटणीतला गडी तोंडावर हात घेऊन ड्रमाआड पडला. त्याच्या नडगीतून फेसावर रक्त सांडत होतं. तो आईच्या नावाने ओरडत होता. रंगूबाईने गज उचलून मोरीत टाकला आणि भावाला उठवलं.

रिक्षात तिने विचारलं, "मागल्या बारीला तूच व्हय?"

"व्हय. तुला मार बसला."

"मार बिअर यायच्या आधीबी बसत हुता, दादा. तवा तू मेढ्याला हुतास. हितं आल्यावर तर बघत हुतास."

नानासोला मान वर करवेना.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं सुजलेलं मनगट पाहिलं, रंगूबाईचा गुडघा पाहिला. "कसं झालं?"

नानासोच्या तोंडून सवयीनं निघालं, "दार..."

"दार न्हाई," रंगूबाई म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मारलंय. गजानं. आन् मला आजच न्हाई, लगीन झाल्यापासनं. पोलिसांना बोलवा."

डॉक्टरांनी नानासोकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "मी बघितलंय."