टपालाची ओळ

लुके गावच्या हार्प कारागिरांच्या संस्थेला महिनाभर एकही ईमेल आला नव्हता, आणि त्याचं खापर निल्दाने विल्फ्रिदोच्या माथी फोडून टाकलं होतं. आधी वेबसाइट तोच सांभाळायचा. यंदा सभासदांनी ते काम निल्दाकडे दिलं, तिने साइट नव्या कंपनीकडे हलवली आणि गिऱ्हाइकांची पत्रं थांबली. "जळतोय मेला. डोमेन अजून स्वतःच्या नावावर ठेवलंय आणि पत्रं गिळतोय," असं तिने चारचौघांत सांगितलं. त्याचा नंबरही ब्लॉक करून टाकला. लोकांना काय, बोलायला विषय हवाच होता. तेव्हापासून अंगणात थंडगार तेरेरेचं, म्हणजे पाला घातलेल्या पेयाचं, शिंग हातोहात फिरायचं ते विल्फ्रिदोला वगळून. एकाच नळीने सगळ्यांनी प्यायचं, त्यातून एकालाच वगळायचं, म्हणजे वाळीत टाकायला आणखी काय लागतं?

आज सगळे जमले होते ते त्याला संस्थेतून काढायलाच. निल्दा ऑफिसात संगणकापुढे बसली होती, तिथे म्हातारे अध्यक्ष डॉन एलादियो डोकावले.

"पोरी, नुसतं तोंडाने सांगू नकोस. काही दाखव. माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे."

"थोडं थांबा, डॉन एलादियो. त्याचं नावच दाखवते तुम्हाला."

"दाखव. पण नसलं तर तसंही सांग."

ते बाहेर गेले. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदी कोणालाही पाहता येतात. नाव टाकलं की झालं. निल्दाने मोठ्या ऐटीत संस्थेचं नाव टाकलं. मालक: संस्था. विल्फ्रिदोचं नाव कुठेच नव्हतं. नोंदींत शेवटचा बदल झाल्याची तारीख तिच्या ओळखीची होती. त्या दिवशी साइट हलवली म्हणून तिने सगळ्यांना चिपा, चीजचे गरम पाव, खायला घातले होते.

तिने नोंदी आणखी खाली पाहिल्या. नाव एकच असलं, तरी साइट कुठे राहते ते एका ओळीत लिहितात आणि टपाल कुठे टाकायचं ते दुसऱ्या ओळीत. साइटची ओळ बरोबर होती. टपालाची ओळ नव्हतीच. हलवताना तिने साइटची ओळ तेवढी उचलली, साइट उघडली, फोटो दिसले, आणि सगळं हललं असं समजून ती मोकळी झाली. पत्रं येत होती, पण त्यांना दारच सापडत नव्हतं.

निल्दाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी बघत नव्हतं तरी तिचे कान तापले. तिने राहिलेली ओळ भरली आणि स्क्रीनकडे बघत बसली. जुनी पत्रं पाठवणाऱ्यांकडे केव्हाच परत गेली होती. अलीकडची मात्र अजून दार ठोठावत होती. बऱ्याच वेळाने पहिलं पत्र आत आलं. ते विल्फ्रिदोचं होतं.

"निल्दा, माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून इथे लिहितोय. मी नोंदी पाहिल्या. टपालाची ओळ राहिलीय. ती भरलीस तरच हे पत्र पोचेल; मग गप्प बस. उगीच सगळे तुला बोलतील."

तिने ते पुन्हा वाचलं. ज्याला तिने चोर ठरवलं, तो तिचीच अब्रू झाकायला निघाला होता. आणि गप्प बसणं किती सोपं होतं! टपाल आपोआप सुरू झालं म्हणायचं, सभा उठेल. फक्त त्याच्यावरचा डाग तसाच राहील. असा विचार आपल्या मनात आला, याचीच तिला जास्त लाज वाटली.

ती अंगणात आली. विल्फ्रिदो भिंतीशी एकटाच उभा होता.

"सापडलं का नाव?" डॉन एलादियोंनी विचारलं.

"सापडलं. माझं. टपाल मीच बंद पाडलं. याने काही केलं नाही. मी खोटं बोलले याच्याबद्दल."

शिंग कोणाच्या तरी हातात तसंच थांबलं.

"म्हणजे पत्र पोचलं तर," विल्फ्रिदो म्हणाला. "मग गप्प का नाही बसलीस?"

त्याच्याकडे वर बघायची तिची छाती झाली नाही.