हँडपंपाची कावीळ

परातीतलं पाणी पिवळं झालं आणि "निघाली, निघाली" अशी कुजबुज रांगेत शेवटपर्यंत सरकत गेली. मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले. तेल्हाऱ्याच्या वाटेवरच्या त्या निंबाखाली दर रविवारी अशीच गर्दी. कोणी ट्रॅक्टरमध्ये आलेलं, कोणी मोटारसायकलवर तिघे बसून, तर कोणी थेट अकोल्याहून भाड्याची गाडी करून.

"डाक्टर सुई टोचते, रक्त काढते," गोवर्धन महाराज परात हलवत म्हणाले. "मी फक्त कावीळ काढतो. रक्त तुमचं तुमच्यापाशीच ठेवा."

लोक हसले. गोदाबाईने सुनेला पुढे केलं. दीपमालाला सातवा महिना होता. डोळे हळद घातल्यासारखे, अंगात उभं राहायचंही त्राण नाही. महाराजांनी तिच्या हातांना कसलासा काढा चोळला, वरून पांढरट पाणी ओतलं. परातीत पिवळा ओघळ उतरला. मग हिरव्या काड्यांची एक लहानशी माळ त्यांनी तिच्या डोक्यावर बसवली.

"ही डोक्यावरून गळ्यात येईन, गळ्यातून पोटापर्यंत. माळ उतरली का कावीळ उतरली. पण दवाखान्याची गोळी-सुई चालत नाई. माळ उलटते." दुसरी माळ त्यांनी गोदाबाईच्या हातात ठेवली. "ही तुमी घाला. घरात शिरेल कावीळ बाकीच्यांले धरते."

घरी येताच पाण्याची ओरड. पाण्याचा गुंड डोक्यावर घ्यायचा तर तिथली माळ कुठे ठेवायची? गोदाबाईने ती गल्लीतल्या हँडपंपाच्या दांड्याला अडकवली, पाणी घेऊन आली आणि माळ तिथेच विसरली.

दुपारी तीनच्या सुमारास दारात डॉक्टर आचल उभ्या होत्या. आरोग्य केंद्रातल्या. हातात दीपमालाच्या रक्ताचा रिपोर्ट.

"काकू, पोटुशी बाईची कावीळ फार वाईट असते. आजच अकोल्याला भरती करू. मी गाडी सांगितली आहे."

"माळ घालेल हाय तिले. आता नेली त उलटते."

"कोण म्हणालं?"

"महाराज. अन् हा नितेश पाहा." तिने मुलाचा, दीपमालाच्या नवऱ्याचा, दंड धरून त्याला पुढे ओढलं. "लहानपणी असाच पिवळा झाल्ता. माळ पोटापर्यंत उतरली अन् पोरगं उठून खेळाले लागलं. या डोयानं पाह्यलं मी. पुस्तकात नाई वाचलं."

"नितेश बरा झाला, हे खरंच आहे," आचल शांतपणे म्हणाल्या. "पण लहान पोरांची कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते. माळ नसती तर तो बरा झाला नसता, हे कशावरून?"

गोदाबाईचा आवाज चढला. "मंग रांगेतले सारे खोटं बोलून राहिले का?"

"खरंच बोलतात ते. पण सांगायला बरे झालेलेच येतात, काकू. जे झाले नाहीत, ते कुठे आहेत?"

आतून दीपमाला काहीतरी पुटपुटली. नितेश धावला आणि पांढऱ्या चेहऱ्याने परत आला. "माय, ते मले वळखून नाई राहिली. बाबा म्हणून हाक मारून राहिली."

"कावीळ डोक्यात चालली आहे," आचल म्हणाल्या. "आता वाट पाहता येणार नाही."

गोदाबाई पायात चपला सरकवून बाहेर पडली. तिला मागच्या गल्लीतली जयवंता आठवली होती. पार्बताबाईची सून, गेल्या वैशाखात बाळंतपणात गेली म्हणून सांगत. तीही पिवळी दिसायची.

पार्बताबाई ओसरीवर कांदे निवडत होती.

"पार्बताबाई, जयवंताले माळ घातल्ती का वं?"

कांदा हातातच राहिला. "घातल्ती."

"उतरली व्हती?"

"पोटापर्यंत. जयवंता गेली त्याच सकाळी मी शेजारणीले माळ दाखोली. म्हटलं, पाह्य, उतरली."

"मंग कोणाले सांगतलं काहून नाई?"

"महाराज म्हणे, तुमी चोरून गोळी देल्ली असन. नव्हती देल्ली मी." पार्बताबाईने कांदा टोपलीत टाकला. "अन् मले इचारलं कोनं? तूच पयली आली."

गोदाबाई मागे वळली ती जवळजवळ पळतच. ऊन असं की जमीन चपलेतून भाजत होती. हँडपंपापाशी गुंड भरणारी एक बाई हसून म्हणाली, "गोदाबाई, तुमच्या हँडपंपाची कावीळ उतरली वाटते."

दांड्यावरची माळ खालच्या ओट्याला टेकली होती. सकाळी तर वीतभरही लोंबत नव्हती. गोदाबाईने ती हातात घेतली. हिरव्या काड्या वाळून सुतासारख्या झाल्या होत्या. प्रत्येक काडीभोवती दोऱ्याचे ऐसपैस वेढे होते. काडी आक्रसली तसा वेढा ढिला पडला आणि त्यातला दोरा सुटून माळ लांब झाली. उतरली होती ती माळ. कावीळ जिथल्या तिथे.

घरात येऊन तिने सुनेच्या गळ्यातली माळ ओढून तोडली. "नितेश, उचल इले. डाक्टरबाई, गाडी कुठवर आली?"

अकोल्याच्या दवाखान्यात दीपमाला बरेच दिवस होती. शुद्धीवर आली, पोटातलं बाळही तगलं. त्यानंतरच्या रविवारी गोदाबाई एकटीच रांगेत उभी राहिली. मागून आचल आल्या.

"मले कावीळ नाई," पुढे होत ती म्हणाली. "पण माये हात धुवा."

महाराजांना लोकांसमोर नाही म्हणता येईना. काढा चोळला, पाणी ओतलं. परात पिवळी.

"तुमच्या अंगात लपेल व्हती," महाराज म्हणाले.

"मंग आता तुमचे धुवा."

महाराजांनी हात धोतरात गुंडाळले.

आचलनी तोच काढा आणि तेच पाणी एका रिकाम्या वाटीत ओतलं. हात कोणाचाच नव्हता, तरी वाटी पिवळी झाली. "हा झाडाच्या सालीचा रस, आणि ही चुन्याची निवळी. एकत्र आले की पिवळे होतात. अंगातून काही निघत नाही."

गर्दीतून एकाने विचारलं, "म्हणजे सुनबाई दवाखान्यानंच वाचली, नाई का?"

"तिचं एकटीचं पाहून दवाखानाही मानू नोका," गोदाबाई म्हणाली. "मी एकट्या नितेशचं पाहून माळ मानली, अन् सून हातची जात व्हती. एकाचं काय खरं? माळ घालेल किती वाचले अन् किती गेले, बिनमाळेचे किती वाचले, हे पाहा. डाक्टरलोक हजारोंचं असं पाहून मंग औषध देतेत. महाराज, तुमच्याकडून गेलेले किती, सांगा बरं."

"ज्यांचा भाव कमी पडला ते गेले. ते माये नाईत."

"पाह्यलं?" गोदाबाई लोकांकडे वळली. "वाचला तो यांचा, अन् मेला तो आपला. असा हिशेब असन त कोणाचीही माळ खरीच ठरन. माणूस पिवळा दिसला का त्याले पयले दवाखान्यात न्या."